माझ्या थिएटरात प्रार्थना नको

४ ऑक्टोबर १९९७, शनिवार

आजपासून मी मिशनच्या नोकरीत. बाबा असते तर त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. आमच्या पुण्याच्या घरात 'मिशनरी' हा शब्द लोक 'भामटा' म्हणतात त्या सुरात म्हटला जायचा. बाबांचा स्वतःच्याच देवावर विश्वास नव्हता, त्यामुळे दुसऱ्यांचा देव वाटत फिरणाऱ्यांवर दुप्पट राग. तो राग मला वारशात मिळाला आहे.

पण करणार काय? मुंबईत इतकी वर्षं ऑपरेशनं केल्यावर श्रीनाथच्या नोकरीपायी शारजात आले आणि नुसती बसून राहिले. सरकारी हॉस्पिटलवाल्यांचं 'इन्शाल्ला, नेक्स्ट वीक' संपेना. इथे डोंगराच्या अलीकडे, खोर फक्कानच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागणाऱ्या या खजुरीच्या गावात अमेरिकन मिशनचं जुनं हॉस्पिटल आहे, आणि त्यांना लेडी सर्जन हवी होती. शनिवार ते बुधवार इथल्या क्वार्टरमध्ये राहायचं, गुरुवारी दुपारी घरी.

सकाळी सगळा स्टाफ हॉलमध्ये जमून गातो. पेटी वाजवणारा केरळी फार्मासिस्ट प्रत्येक ओळीला अर्धा श्वास मागे असतो. मलाही बोलावलं. म्हटलं, मला राउंड घ्यायचा आहे. पेशंट अजून झोपलेले होते, तरी घेतला.

७ ऑक्टोबर, मंगळवार

या दुकानाची मुख्य मूर्ती म्हणजे मिस एल्सी. अमेरिकन सुईण, सत्तरी ओलांडलेली, लग्न न केलेली, कंबरेत वाकलेली. इथल्या बायका तिला 'मरियम' म्हणतात. तिचं अरबी म्हणे असलं अस्सल आहे की दुबईतल्या अरबांना ते कळत नाही. आता बाळंतपणं करत नाही, नुसती व्हरांड्यात चटईवर बसते आणि बायका तिच्याभोवती बसतात. याला पगार मिळतो की नाही ते विचारायला हवं.

आज दारात भली मोठी काळी गाडी. उतरली ती उम्म खल्फान, म्हणजे खल्फानची आई. खल्फान हा इथल्या शेख घराण्यातला, या भागाचा कारभार त्याच्या हातात. बाईंचे डॉक्टर लंडनला असतात. आणि ही बाई चपला काढून चटईवर बसली, एल्सीने तिच्या डोक्यावर हात ठेवला, डोळे मिटून काही पुटपुटली. ईसाचं, म्हणजे येशूचं, नाव मला स्पष्ट ऐकू आलं. बाईने शेवटी 'आमीन' म्हटलं, आणि दोघी खजूर खात गुडघ्यांबद्दल बोलू लागल्या.

इतका पैसा, इतकी सत्ता, आणि अंगारा-धुपारा चालूच. आपल्याकडच्या मंत्र्यांचे बुवा असतात, हिची बुवी.

१४ ऑक्टोबर, मंगळवार

एल्सीने जेवताना मला हॉस्पिटलची कथा ऐकवली. न विचारता. साठच्या सुमाराला ती आणि एक डॉक्टर जोडपं जीपने वादीतून, म्हणजे कोरड्या नदीच्या पात्रातून, इथवर आले. रस्ता नव्हता. तेव्हाच्या शेखने, म्हणजे उम्म खल्फानच्या सासऱ्याने, स्वतःची खजूर साठवायची खोली रिकामी करून दिली. मग जमीन दिली. तुम्ही इंजील, म्हणजे बायबल, वाचणारे आहात ना, म्हणाला, मग मलाही थोडं वाचून दाखवा. मी तुम्हाला माझं वाचून दाखवतो. संध्याकाळी दोघं बसत. वर्षानुवर्षं. ना तो बदलला ना हे.

मी विचारलं, "मग फायदा काय झाला?"

"कुणाचा?" म्हणाली.

अशा माणसांशी बोलण्यात अर्थ नसतो. त्याला डॉक्टर हवा होता, यांना जमीन हवी होती. सरळ व्यवहार. त्याला अध्यात्माचा मुलामा कशाला?

२१ ऑक्टोबर, मंगळवार

उम्म खल्फानने मला बोलावून घेतलं. माझं अरबी 'यल्ला' आणि 'खलास'च्या पुढे गेलेलं नाही, त्यामुळे दुभाषी म्हणून नूरजहाँ होती. ती हैदराबादची; तिशीत असताना या घरात आली, आता बाईंची सावलीच झाली आहे. ती माझ्याशी हिंदीत बोलते.

बाईंचा प्रश्न: चाकू लावण्याआधी मी काय म्हणते?

मी म्हटलं, "मैं कहती हूँ, सिस्टर, चाकू दो."

नूरजहाँने त्याचं काहीतरी लांबलचक भाषांतर केलं. बाई पोट धरून हसल्या आणि माझा हात हातात घेऊन उलटसुलट बघितला, बाजारात भाजी बघतात तसा. काय बोलल्या ते नूरजहाँने सांगितलं नाही.

३१ ऑक्टोबर, शुक्रवार, शारजा

दिवाळी. काल श्रीनाथच्या ऑफिसातली चार मराठी कुटुंबं फराळाला होती. मी एल्सीची नक्कल करून दाखवली: कंबरेतून वाकून, डोळे मिटून. सगळे इतके हसले की चकल्या राहूनच गेल्या. एकटी शर्वाणी हसली नाही. चौदाव्या वर्षी मुली असंच करतात. नंतर स्वयंपाकघरात म्हणाली, "आई, यू आर सो मीन." मी मराठीत रागावले, तिने इंग्रजीत उत्तर दिलं, संपलं.

श्रीनाथ मात्र गंभीर. इथे मुसलमानांना दुसऱ्या धर्माचं काही सांगणं म्हणजे सरळ गुन्हा आहे, म्हणाला. उद्या कुणी तक्रार केली तर म्हातारीला विमानात बसवतील आणि तिच्याबरोबर हॉस्पिटलच्या सगळ्यांची चौकशी होईल. तू लांब राहा. पाच मिनिटांनी म्हणाला, पण त्या बाईंशी ओळख झाली आहे ती टिकव. आमच्या कंपनीचं त्या भागात रस्त्याचं काम अडलंय.

माझा नवरा दोन्ही दगडांवर पाय ठेवून उभा राहू शकतो. सराव आहे.

१० नोव्हेंबर, सोमवार

उम्म खल्फानला तपासलं. पोट फुगलंय ते वाऱ्यामुळे, अशी तिची समजूत होती. मरियमने आलं-लिंबू सांगून पाहिलं, मग तिनेच हात धरून माझ्याकडे आणलं. सोनोग्राफीत अंडाशयाला मोठी गाठ, पोटात पाणी. मला आवडली नाही.

मी सांगितलं, दुबईला जा, नाहीतर लंडनला. बाई म्हणाल्या, इथेच, आणि हीच करेल. माझ्याकडे बोट. का, तर मरियम म्हणते हिचा हात चांगला आहे. म्हणजे माझी डिग्री, माझा अनुभव, सगळं बाजूला. सुईणीचं सर्टिफिकेट मिळालं म्हणून मी पास.

मुलाने फोनवरून होकार कळवला: आईला हवं ते करा.

तरी खरं लिहायचं तर, मला बरं वाटलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

ऑपरेशन झालं. आधी एल्सी गाउन घालून थिएटरच्या दारात उभी. प्रार्थना करायची होती. मी म्हटलं, माझ्या थिएटरात प्रार्थना नको, बाहेर काय हवं ते करा. टेबलावरून उम्म खल्फानने मान वळवली आणि माझ्याकडे बघितलं. भूल द्यायची अजून बाकी होती. शेवटी म्हटलं, एक मिनिट.

एल्सीने अरबीत काही म्हटलं. आवाज थकलेला पण स्वच्छ. बाईंनी तळवे उघडे धरले होते. कुणी हललं नाही. तिचं झाल्यावरही मी थोडा वेळ तशीच उभी होते; सिस्टरने 'डॉक्टर?' म्हटलं तेव्हा भानावर आले. रात्री झोप नीट झाली नव्हती.

पोट उघडलं तर सगळीकडे पसरलेलं. आतड्यांवर, लिव्हरखाली. थोडं पाणी काढलं, तुकडा तपासणीला घेतला, शिवून टाकलं. शेवटचे टाके उसवून पुन्हा घातले. एसी फारच गार ठेवतात.

एल्सी बाहेर बाकावर बसली होती. तिने माझा चेहरा बघून विचारलंच नाही. सरकून जागा केली. मी बसले नाही.

२३ नोव्हेंबर, रविवार

आज खरी परीक्षा झाली, आणि मी पहिल्या नंबरात पास.

शेख खल्फान स्वतः आला. पस्तिशीचा, इंग्लंडात शिकलेला, पांढरा पायघोळ कंदुरा, हातात मण्यांची माळ. त्याला आजाराचं सगळं स्पष्ट सांगितलं. शांतपणे ऐकून घेतलं. मग दार लावायला सांगितलं आणि विचारलं, "मिस मरियम माझ्या आईसाठी प्रार्थना करतात का? त्यांची प्रार्थना, ईसाच्या नावाने?"

श्रीनाथचं बोलणं आठवलं. ही म्हातारी, तिची मोडकी कंबर, तिला या वयात विमानात बसवून अमेरिकेतल्या कुठल्या गावात पाठवणार, जिथे तिला ओळखणारं कुणी उरलं नसेल. मला ती आवडत नाही, पण म्हणून काय.

मी म्हटलं, "नाही. इथे फक्त औषधोपचार होतात. असलं काही मी कधी पाहिलेलं नाही."

"तुम्हाला खात्री आहे?"

"हंड्रेड परसेंट."

तो माळेचे मणी ओढत राहिला. मग आभार मानून उठला. सत्तेवरच्या माणसाच्या डोळ्यांत बघून खोटं बोलायला जिगर लागते. ती यांच्या प्रार्थनेतून येत नाही.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

शेखने आईला दुबईच्या मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. बरोबरच आहे.

एल्सीला मी सांगितलं की तिला कसं वाचवलं. वाटलं होतं, निदान 'थँक यू' म्हणेल. तिचा चेहरा पडला. म्हणाली, "मी कधी नाही म्हटलेलं नाही. आणि त्या घराने मला कधी नाही म्हणायला लावलं नाही."

मी म्हटलं, तो काळ वेगळा होता, तो म्हातारा शेख वेगळा होता. आता कायदे आहेत, पोलीस आहेत.

"मग मला विचारायचं तरी होतं," म्हणाली. थोड्या वेळाने: "वाक्य तुमचं आहे, कुमुद. परत घ्यायचं तर तुम्हीच घ्यायचं. मी सांगायला गेले तर तुम्ही खोट्या ठरता."

म्हणजे आपण केलेल्या उपकाराची ही परतफेड. हुतात्मा व्हायची हौस असते यांना. कुणी वाचवलं तर राग येतो.

२ डिसेंबर, मंगळवार

आज व्हरांड्यात चटई घातली होती. एल्सी एकटीच बसली होती. मंगळवार उम्म खल्फानचा. दुबईच्या हॉस्पिटलात घरच्यांशिवाय कुणाला सोडत नाहीत, आणि बोलावल्याशिवाय ही जाणार नाही. दुपारपर्यंत बसली, मग चटई स्वतः गुंडाळली. कुणाला हात लावू दिला नाही.

नाटकं.

८ डिसेंबर, सोमवार

नूरजहाँ आली होती, बाईंचे इथे राहिलेले कपडे न्यायला. माझ्या खोलीत येऊन दार लोटून उभी राहिली. बसा म्हटलं तरी बसेना.

ती सांगत होती ते मला आधी कळेचना. बाई रोज मरियमला बोलवा म्हणतात. मरियम माझ्यासाठी ईसाच्या नावाने दुआ मागते, तिला आणा, ती मागेल. मुलगा म्हणाला, अम्मा, मरियम असं करत नाही, मी डॉक्टरला विचारलंय. बाई म्हणाल्या, करते, कायम करते. मग डॉक्टरांनी ठरवलं की आजार डोक्यात चढलाय, भास होतायत. बाई जास्तच ओरडायला लागल्या तेव्हा झोपेची इंजेक्शनं सुरू केली. आता दिवसभर झोपून असतात. जाग आली की पुन्हा तेच.

"तुम क्यों नहीं बोली?" मी विचारलं.

"आपने हंड्रेड परसेंट बोला, डॉक्टर साब. मैं कौन?"

ती गेल्यावर मी वॉर्डात गेले आणि एका नर्सला पट्टी नीट न बांधल्याबद्दल इतकं झापलं की ती रडली. पट्टी नीटच होती.

१० डिसेंबर, बुधवार

श्रीनाथला फोन केला. म्हणाला, गप्प बस. शेखशी खोटं बोललीस हे स्वतःहून जाऊन सांगणार? तुझा व्हिसा त्या हॉस्पिटलचा, हॉस्पिटल त्यांच्या जमिनीवर. आणि माझ्या कंपनीचं काम. शिवाय बाई तशाही जाणारच आहेत, तूच म्हणालीस.

सगळं बरोबर आहे. एकही मुद्दा चुकीचा नाही. मला त्याचा इतका राग आला की रिसीव्हर आपटला.

मला या सगळ्यांचाच राग आलाय. शेखचा, कारण त्याने सरळ एल्सीला का नाही विचारलं. एल्सीचा, कारण ती भांडत नाही. त्या बाईचा, कारण लंडनचे डॉक्टर सोडून माझ्या वाट्याला आली. माझा प्रार्थनेवर विश्वास नाही. पण शुद्धीवर असलेल्या, खरं बोलणाऱ्या पेशंटला खोटी ठरवून गुंगीत ठेवणं याला आमच्या धंद्यात नाव आहे. आणि ते माझ्या शब्दावर झालंय.

११ डिसेंबर, गुरुवार, शारजा

सकाळीच शारजाला आले. शेवटी दुबईच्या हॉस्पिटलात श्रीनाथच घेऊन गेला. सांगितलं होतं की टॅक्सीने जाते; मग शारजा-दुबई रस्त्यावरच्या गर्दीत संपूर्ण वेळ तोंड फिरवून गाडी चालवली. खाली गाडीतच बसून राहिला. पण आला.

वरच्या मजल्यावर घरच्यांना बसायला मोठी खोली, कॉफी ओतणारा माणूस, पाच-सहा पुरुष. नूरजहाँने आत जाऊन सांगितलं. शेख खल्फानने सगळ्यांना बाहेर काढलं.

मी उभ्यानेच बोलले. "त्या दिवशी मी खोटं बोलले. मिस मरियम तुमच्या आईसाठी दर मंगळवारी प्रार्थना करायच्या. तुमच्या आईच सांगायच्या, कर म्हणून. ऑपरेशनच्या आधीही केली, माझ्यासमोर. तुमच्या आईला भास होत नाहीयेत."

"मग नाही का म्हणालात?"

"तुम्ही त्यांना देशाबाहेर काढाल असं वाटलं."

त्याने हातातली माळ टेबलावर ठेवली. मला वाटलं, आता माणसं बोलावणार.

"मला त्यांना इथे बोलवायचं होतं," म्हणाला. "त्यांनाच विचारलं असतं तर त्यांच्यावर दडपण आलं असतं, म्हणून तुम्हाला विचारलं. तुम्ही ना त्यांच्या, ना आमच्या. मी जन्मलो तेव्हा आई मरायला टेकली होती. माझ्या आजोबांनी दारात उभं राहून मिस मरियमला सांगितलं, तुला जे नाव येतं त्या नावाने माग. ही गोष्ट आमच्या घरात प्रत्येक पोराला माहीत आहे." मग माझ्याकडे न बघता: "तुम्हाला वाटलं, मी माझ्या आजोबांपेक्षा लहान माणूस आहे."

मी खांद्यावरची पर्स उगाच नीट केली.

"माझी आई दोन आठवडे खरं सांगत होती. आणि मी तिला इंजेक्शनं द्यायला लावली." तो उठून खिडकीपाशी गेला. पाठ माझ्याकडे. तसाच म्हणाला, "त्यांना घेऊन या."

सॉरी म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. त्यानेही वाट बघितली नाही.

खाली येऊन श्रीनाथला म्हटलं, गावाकडे चल. त्याने विचारलं, म्हणजे काढलं नाही ना तुला? मी म्हटलं, माहीत नाही. त्याने गाडी सुरू केली. वाळवंट ओलांडून तिथे पोचेपर्यंत दिवस गेला. एल्सीने सगळं ऐकून घेतलं आणि फक्त चष्मा शोधायला गेली. येताना तिला आमच्याच घरी उतरवलं. आज ती शर्वाणीच्या खोलीत झोपली आहे. दोघींचं इंग्रजीत काय चाललंय कोण जाणे; मधून हसण्याचा आवाज येतो. माझी नक्कल करत असतील.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सकाळीच गेलो. इंजेक्शनं काल रात्रीपासून बंद केली होती. उम्म खल्फान जागी होती. पंधरवड्यात अर्धी झाली आहे. एल्सीला बघून रडेल असं वाटलं होतं. त्याऐवजी तिने तिला झापलं. नूरजहाँ म्हणाली, इतका उशीर का केलास, असं विचारतायत. एल्सीने माझं नाव घेतलं नाही. गुडघे दुखत होते म्हणाली. म्हणजे तीसुद्धा खोटं बोलू शकते.

मग डोक्यावर हात ठेवून सुरू झाली. शेख खल्फान पलंगाच्या दुसऱ्या बाजूला तळवे उघडे धरून उभा. तिचं संपल्यावर त्याने स्वतःचं म्हटलं, कुराणातलं, हळू आवाजात. आणि एल्सी मान खाली घालून तितक्याच लक्षपूर्वक ऐकत होती. एवढा मोठा माणूस आणि ही वाकलेली म्हातारी, दोघांनाही यात काही विचित्र वाटत नव्हतं. विचित्र वाटत होतं ते एकट्या मला. कुठे उभं राहावं ते कळेना, म्हणून पायथ्याशी गेले. बाईंचे पाय गार पडले होते, सूज होती. डॉक्टर म्हणून बघावे लागतातच. धरून बसले.

बाईंनी डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. काहीतरी विचारलं. नूरजहाँ म्हणाली, "पूछती हैं, अब तुम्हारी बारी. तुम क्या कहोगी?"

सगळे थांबले. मी बाबांची मुलगी आहे. तोंडाला येईल ते पुटपुटून वेळ मारून नेणं मला जमलं असतं, पण नाही केलं. म्हटलं, "मेरे पास कुछ नहीं है."

बाईंनी माझ्या हातांकडे बघितलं. मग बोलल्या. शेख खल्फान खाली बघून हसला, एल्सीही. नूरजहाँ गप्प.

"क्या बोलीं?"

"रहने दीजिए, डॉक्टर साब."

"बोलो."

"कहती हैं, डॉक्टर झूठी है, मगर हाथ गरम हैं. छोड़ना मत."

सोडले नाहीत. दुपारी त्यांना आपली आपण झोप लागली, तरी बसून होते. श्रीनाथ दोनदा वर येऊन बघून गेला.

घरी आल्यावर थर्मामीटर लावून बघितला. ताप नव्हता.